बसमध्ये राहिलेला पाय

कुणाचे काका बँकेत असतात, कुणाचे पोलिसात. भिंगरीचे काका पायवाले होते. सख्खे नव्हेत, चुलत नव्हेत, नात्याने कुणीच नव्हेत. पण तिचे आजवरचे झाडून सगळे उजवे पाय त्यांनी घडवले होते, आणि एवढं केल्यावर माणूस काका होतोच.

भिंगरी हे नावही त्यांचंच. शाळेच्या हजेरीत तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते बाईंनी हाक मारली की तिला स्वतःलाच क्षणभर कळत नाही कोणाला बोलावतायत. लहानपणी पहिल्यांदा पाय बसवला तेव्हा दोन कठड्यांच्या मधून सरळ चालून दाखवायचं होतं. ही बया सरळ चालायच्या ऐवजी जागच्या जागी गर्रकन फिरली, धपकन पडली आणि हसत सुटली. "ही कसली चालतेय," काका म्हणाले, "ही तर भिंगरी!" झालं. चिकटलं ते चिकटलंच.

तिचा उजवा पाय जन्मापासूनच अर्ध्या मांडीपर्यंत होता. त्याच्या पुढचा सगळा, गरजूंना फुकट पाय देणाऱ्या ट्रस्टचा. भिंगरी उंच व्हायची, पाय मात्र होता तेवढाच राहायचा, मग ती एका बाजूला कलून चालायला लागायची आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, नवीन चप्पल लागतेय का?" की समजायचं, कार्यशाळेत जायची वेळ झाली.

यंदाची फेरी मात्र साधीसुधी नव्हती. एक तर तिला आता लहान मुलांचा गुडघा सोडून मोठ्या माणसांचा गुडघा मिळणार होता. आणि दुसरं म्हणजे ती पहिल्यांदाच एकटी आली होती. आईला शाळांच्या गणवेशांचं काम गळ्यापर्यंत आलेलं. शिलाई मशीनवरून मान वर न काढता ती म्हणाली, "जाशील ना गं नीट?" भिंगरी म्हणाली, "आई, मी पंधरा वर्षांची आहे, पार्सल नाही." याच वर्षी तिने पायावरचा लांब मोजा काढून टाकला होता. पोटरीच्या प्लास्टिकवर तिने ऑइलपेंटने हिरव्या वेली काढल्या होत्या आणि शाळेत त्या पाहायला दुसऱ्या तुकडीतल्या मुली यायच्या. आता बोला!

ऑफिसातल्या बाईंनी तिचं कार्ड मागितलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, लाभार्थी. भिंगरीने एक हात छातीवर ठेवला, दुसरा हवेत उडवला आणि नाटकातल्या राजासारखी घुमली, "कोण आहे रे तिकडे? लाभार्थी पधारल्या आहेत!"

"पधारल्या असतील तर पाय पुसून आत या म्हणावं," बाई म्हणाल्या. "दोन्ही."

आत गेलं की भिंगरीला दर वेळी एकच गोष्ट व्हायची. बडबड आपोआप थांबायची. ती जागा पूर्वी एका घड्याळजीचं दुकान होती. घड्याळजींना मूलबाळ नव्हतं, एवढं दुकान होतं, आणि जाताना ते दुकान पाय घडवायच्या कामासाठी ट्रस्टला देऊन गेले. त्यांच्या बारीक बारीक पेचकसांची लाकडी पेटी अजून खिडकीत होती आणि काका ती रोज वापरायचे. तीन भिंतींवर छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरच्या पांढऱ्याशुभ्र मांड्या. लहान, मोठ्या, जाड, किडकिडीत. प्रत्येक मांडी कुणाची तरी. तो माणूस आत्ता कुठेतरी जिना चढत असेल, दुकानात उभा असेल, कुणाच्या तरी मागे पळत असेल, आणि त्याच्या मांडीचा साचा मात्र इथे गुपचूप बसलेला. भिंगरीला वाटायचं, आपण एखाद्या प्रचंड मोठ्या गर्दीत आलोय, आणि सगळे आपल्याकडे बघून शांत झालेत.

काका ओव्हनपाशी होते. "आलीस? तिथेच थांब. बोलू नकोस."

ओव्हनमध्ये प्लास्टिकचा पांढरा पत्रा तापत होता. बघता बघता तो पांढरा राहिलाच नाही. पाण्यासारखा नितळ झाला, मध्ये लोंबायला लागला, आणि काकांनी जाड हातमोज्यांनी तो दोन टोकांना धरून उचलला, तेव्हा वाटलं हे पाणीच उचलून आणतायत. गेल्या आठवड्यात आई बरोबर असताना भिंगरीच्या मांडीचा साचा घेतला होता, त्यावर त्यांनी तो पांघरला, कडा चिमटल्या, खालचा पंप सुरू झाला आणि हुश्श करून सगळी हवा गेली. नितळ पाणी साच्याला असं काही घट्ट बिलगलं की तिच्या मांडीवरचा लहानपणचा खड्डासुद्धा त्यात उमटला.

"माझा खड्डा!" भिंगरी ओरडलीच.

"तुझाच. दुसऱ्या कोणाला बसायचा नाही," काका म्हणाले. "उद्या तासून घेऊ, गुडघा जोडू आणि तुला उभी करू."

इथली रीत अशी होती. मांडी जिथे बसते ती वाटी ज्याची त्याची. ती दुसऱ्या कोणाला चालत नाही, छोटी झाली की टाकूनच द्यायची. पण गुडघा धातूचा. मुलं इतक्या भराभरा वाढतात की गुडघा झिजायच्या आतच तोकडा पडतो. म्हणून जुना पाय आणून ठेवायचा आणि नवा न्यायचा. जुन्यातला गुडघा काढून, साफ करून, तो पुढच्या मुलाला. आणि जाताना ज्याचा गुडघा असेल त्याने कानस घेऊन आतल्या पट्टीवर आपली एक खूण करायची. हे कुणी सुरू केलं कुणाला माहीत नाही, पण कोणी चुकवत नसे. भिंगरीच्या आत्ताच्या गुडघ्यात एक मासा होता, एक त्रिकोण होता आणि एक नाक नसलेला चेहरा. या तिघांना तिने कधी पाहिलं नव्हतं. पण परीक्षेच्या वेळी बाकाखाली हात घालून ती त्या माशावरून बोट फिरवायची. मासावाला किंवा मासावाली अभ्यासात बरी असणार, असं तिचं ठाम मत होतं.

कोपऱ्यातल्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांच्या मांडीवर नुकतेच दात फुटलेली एक चिमुरडी बिस्किटाचा चुरा करण्यात गढून गेली होती. तिचाही उजवा पाय मांडीपर्यंतच. ती तेवढीच मांडी खाली-वर आपटत होती, ढोल वाजवल्यासारखी.

"हिचं नाव काय?" भिंगरीने विचारलं.

"मिरी म्हणतो आम्ही," आजोबा म्हणाले. "दिसायला एवढीशी, पण चावून बघ."

मिरीने भिंगरीच्या पायावरच्या हिरव्या वेली पाहिल्या आणि बिस्किट टाकून सरळ हात पुढे केला. "मला."

"तुलापण काढू हं वेल," भिंगरी म्हणाली. "तुझा पाय कुठाय?"

काकांनी डोळ्यांनीच दाखवलं. खुंटीला एक छोटासा पाय लटकत होता. नवा कोरा, गुळगुळीत, आणि वरपासून खालपर्यंत एकसंध. त्याला गुडघाच नव्हता.

"काका, हा तर काठीसारखा आहे."

"काठीच आहे." काकांनी आवाज खाली आणला. "एवढ्याशा मुलांचे गुडघे आता बनतच नाहीत जवळपास. ज्या कारखान्याचे घ्यायचो, तो आता मोठ्यांचेच करतो. ट्रस्टने दुसरीकडे मागणी घातलीय, पण यायला पुढचं वर्ष उजाडेल. आजोबा फार लांबून आलेत. परवा परत जायचं."

"मग पुढच्या वर्षी द्या गुडघा."

"देऊ की. पण आत्ता चालायचं वय. पाय ताठ टाकून, बाजूने फिरवून चालायची सवय लागली, की नंतर सोन्याचा गुडघा दिला तरी पोर तो वाकवत नाही. मी पाहिलंय." त्यांनी हातमोजे काढून टेबलावर टाकले. "बाळगुडघे आपल्याकडे मोजकेच. सगळे कुणा ना कुणाच्या पायात आहेत. एकच काय तो गेला. तुझाच होता तो, पहिला. तुझी आई बसमध्ये विसरली."

"काय?"

"तुला कुठचं आठवायला! दुसरा पाय न्यायला आली, तेव्हा जुना आणलाच नाही. म्हणाली, बसमध्ये राहिला. इतकी रडली बिचारी की आम्हीच तिला पाणी दिलं. जाऊ दे, तिचा काय दोष. बसमध्ये छत्र्या राहतात, डबे राहतात, पाय पण राहील एखादा."

  तो पाय कुठल्याच बसमध्ये नव्हता. तो घरी होता. आईच्या शिलाई मशीनमागच्या लाकडी पेटीत, कापडाच्या तुकड्यांच्या तळाशी. चौथीत असताना रिबिन शोधताना तिने तो पाहिला होता, "माझा बाहुलीपाय!" म्हणून नाचली होती, आणि आईने पेटीचं झाकण लावून म्हटलं होतं, "आठवण आहे ती. राहू दे."

घरी पोचेपर्यंत तिचा राग चांगला उकळला होता.

आई निळ्या फ्रॉकला पट्टी लावत होती. आजूबाजूला निळ्या फ्रॉकचा डोंगर. भिंगरी काही न बोलता मशीनमागे गेली, पेटी ओढली आणि तुकडे उपसायला लागली.

"अगं, काय चाललंय? घड्या मोडतील!"

"बस शोधतेय," भिंगरी म्हणाली.

मशीनचं चाक थांबलं.

तळाशी तो होता. जुन्या ओढणीत गुंडाळलेला. किती छोटा! भिंगरीच्या कोपरापासून बोटांपर्यंत जेमतेम. तिने ओढणी सोडली आणि भांडायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. पायाला कंबरेशी बांधायचा पट्टा होता. तो पट्टा एकसंध नव्हता. मूळच्या टीचभर पट्ट्याला एक निळा तुकडा जोडलेला होता, तिच्या बालवाडीच्या गणवेशाचा. त्यापुढे चौकडीचा तुकडा, पहिलीचा. मग खाकी, मग पांढऱ्यावर बारीक रेघा, आणि अगदी टोकाला तिच्या आत्ताच्या हायस्कूलच्या स्कर्टचा करडा. प्रत्येक जोडावर आईची ती बारीक, उसवता न येणारी दुहेरी शिवण. एवढ्याशा पायाला एवढा लांब पट्टा. भिंगरीच्या कंबरेला आज व्यवस्थित पुरला असता.

"आई, हे काय आहे?"

आई बराच वेळ फ्रॉकची पट्टी सरळ करत राहिली. सरळच होती ती.

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तुला वाटतं, कार्ड आहे म्हणजे पाय मिळतोच. तू झालीस तेव्हा कुठे कुठे गेलो नाही आम्ही! एका ठिकाणी रांगेत उभं राहिलो, आमचा नंबर आला आणि खिडकीतला म्हणाला, योजना कालच बंद झाली. काल! आदल्या दिवशी मला ताप होता म्हणून आलो नव्हतो. मग हा ट्रस्ट मिळाला. चांगली माणसं. पण मला वाटायचं, चांगली आहेत, उद्या यांचंही बंद झालं तर? माझ्या पोरीने एकदा चालायला घेतलंय, तिला परत खाली बसवू?"

"म्हणून ठेवलास?"

"मी शिवणारी बाई. कपडा आखूड झाला की उसवते, आत दुमडून ठेवलेली माया सोडते, वाढवते. मला वाटलं पायाचंही तसंच करू. पट्टा वाढवू, आतून फडकं लावू, काहीतरी करू." आईने डोळे फ्रॉकलाच पुसले. "दर वेळी तुला तिकडे न्यायच्या आदल्या दिवशी एक तुकडा जोडायचे. मला कळत होतं गं, हे वेड आहे. पण जोडला की झोप लागायची."

भिंगरीचा राग कुठे गेला तिलाच कळलं नाही. पण खुंटीवरचा तो काठीसारखा पाय काही डोळ्यांसमोरून हलेना. तिने मिरीचं सगळं सांगितलं. ढोलासारखी मांडी, बिस्किट, "मला" म्हणणं, परवा परत जाणं.

आई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "उद्या तुझा पाय बसवतायत ना? तो आधी घरी येऊ दे. मग देऊ नेऊन."

"तोवर ती गेलेली असेल!"

"आणि आत्ता नेला आणि त्यांनी तुझाच थांबवला तर? खोटं बोललेल्या माणसांना कोण देतं? मोठ्यांचा गुडघा आहे, दारात कितीजण उभे असतील त्याच्यासाठी. नाही. विषय संपला."

आईचा विषय संपला की संपतो. तिथे वाद घालून उपयोग नसतो, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने वाद घातलाच नाही. तिने आपल्या गुडघ्याच्या बाजूची खिट्टी खाली ओढली. तशी ओढली की गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ होतो. आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसली. पाय सरळ समोर. दारातून आरपार.

आई पाण्याची कळशी घेऊन आली आणि अडखळली. "पाय घे."

"वाकत नाही."

बाबा कामावरून आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि त्यांची हत्यारांची पिशवी भलतीच जड असते. ते अडखळले ते पिशवीसकट. "अरे देवा! हे काय फाटक बसवलंय घरात?"

"वाकत नाही," भिंगरी म्हणाली.

जेवायला बसली ती ताठ पायानेच. ताट जवळ येईना, कारण मध्ये पाय. पाय बाजूला घेतला तर तो बाबांच्या ताटात. उठताना तर काय विचारू नका, आधी एका कुशीवर, मग भिंतीला धरून, मग आईच्या खांद्याला. आई पाहत होती. भिंगरीला सुरुवातीला मजा वाटत होती, पण तिसऱ्यांदा उठताना ती खरंच पडली आणि कोपर आपटलं. तिला एकदम कळलं की ही आपली तेवढ्यापुरती गंमत आहे, मिरीची रोजची होणार आहे. ती हसली नाही.

आईने कोपर चोळून दिलं. मग स्वतःच वाकून तिच्या गुडघ्याची खिट्टी वर केली. टक्. गुडघा मऊ होऊन वाकला. आईचा हात त्या आवाजावर जरासा थांबला. 

सकाळी भिंगरी उठली तर मशीनवर झाकण होतं. निळ्या फ्रॉकचा डोंगर तसाच. आई चांगले कपडे घालून दाराशी उभी, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून ओढणीचं टोक बाहेर आलेलं.

"आज फ्रॉक द्यायचे होते ना?" बाबांनी विचारलं.

"पोरी एक दिवस जुने घालतील," आई म्हणाली. "चल गं."

बसमध्ये आईने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. भिंगरीच्या जिभेवर एक विनोद आला, पण तिने तो गिळला. तिच्यासारख्या मुलीच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती.

कार्यशाळेत ऑफिसातल्या बाई होत्या, काका होते, चालवणाऱ्या ताई, म्हणजे नवीन पाय बसवलेल्यांना चालायला शिकवणाऱ्या ताई, त्याही होत्या. आजोबा मिरीला घेऊन बाकावर. खुंटीवरचा पाय खाली काढून ठेवलेला. आई कोणाकडेच न बघता सरळ टेबलापाशी गेली आणि तिने पिशवी ठेवली. तिला काहीतरी बोलायचं होतं. बसमध्ये ती ओठांतल्या ओठांत त्याची तयारी करत होती, हे भिंगरीने पाहिलं होतं. पण तिने नुसती पिशवी पुढे सरकवली.

काकांनी ओढणी सोडली. पाय पाहिला. मग पट्टा हातात घेतला आणि तो हळूहळू उलगडत गेले. निळा, चौकडी, खाकी, रेघा, करडा. प्रत्येक जोडावर त्यांचं बोट थांबत होतं. ते शिवणारे नसले तरी जोडणारे होते. ते काय बघतायत ते त्यांना लगेच समजलं. फळ्यांवरच्या पांढऱ्या मांड्यांनीसुद्धा श्वास धरलाय असं भिंगरीला वाटलं.

मग काकांनी चष्मा वर सरकवला.

"मिळाली का बस?"

ऑफिसातल्या बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"मास्तर," आई कशीबशी म्हणाली, "हिचा पाय…"

"हिचा पाय आत आहे. आत्ताच कडा तासल्यात, गरम आहे. हात लावू नका म्हणजे झालं." आणि ते पेचकस शोधायला वळले, जणू रोजच कुणीतरी बसमधून पाय आणून देतं.

आई मटकन स्टुलावर बसली.

मग काय सांगू! घड्याळजींच्या पेटीतला सगळ्यात बारीक पेचकस निघाला. गंजलेले स्क्रू आधी कुरकुरले, मग तेल पिऊन गप्प झाले. छोटा गुडघा सुटा होऊन काकांच्या तळहातावर आला. अक्रोडाएवढा! भिंगरी बघतच राहिली. एवढ्याशा गोष्टीवर ती पहिल्यांदा उभी राहिली होती. आतलं रबर वाळून भुगा झालं होतं, ते बदललं. पट्टी पॉलिश केली, तेव्हा तिच्यावर एक जुनी खूण चमकली, अर्धा चंद्र. म्हणजे भिंगरीच्याही आधी कुणीतरी होतं. सगळ्यांत पहिल्या पायाचा जो गुडघा ती आजवर फक्त आपला समजत होती, तोसुद्धा कुणीतरी चालून, वाढून, मागे ठेवून गेलेला. चंद्रवालं ते मूल आता केवढं झालं असेल? कदाचित त्याला स्वतःचीच मुलं असतील. त्याने ठेवला म्हणून ती फिरली, पडली, हसली आणि भिंगरी झाली.

"तुझी खूण राहिलीय यावर," काकांनी कानस पुढे केली.

भिंगरीने कानस घेतली. काय काढायचं ते ठरलेलंच होतं, गोल गोल भिंगरी. पण तिने आईकडे पाहिलं, आणि कानस आईच्या हातात दिली.

"मी? माझा कुठे पाय आहे?"

"इतकी वर्षं कोणाकडे होता?"

आईने गुडघा डाव्या हातात धरला, सुईत दोरा ओवताना धरते तसा डोळ्यांजवळ. आणि चंद्राच्या शेजारी अगदी सरळ रेषेत तिने छोट्या छोट्या रेघा ओढल्या, मध्ये सारखी सारखी जागा सोडून. टाके. धावदोऱ्याचे टाके!

काकांनी पट्टा सोडवला आणि ओढणीत नीट घडी करून आईला परत दिला. "गुडघा आमचा. हा तुमचा."

मिरीचा ताठ पाय मधोमध कापला, गुडघा बसवला, जोडला, पुन्हा जोडला, कारण पहिल्यांदा पाऊल बाहेर वळत होतं. आजोबांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी काकांना विचारलं, "काल तर नाही म्हणत होतात. कोणी दिला हो?"

"एका बसवाल्याने," काका म्हणाले.

"देवमाणूस," आजोबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "भेटला तर माझा नमस्कार सांगा त्याला."

ते हात काकांच्या दिशेने जोडलेले होते, पण त्यांच्या मागेच स्टुलावर आई बसली होती. तिने मान खाली घातली आणि ओढणीची घडी पुन्हा घातली.

चालवणाऱ्या ताईंनी मिरीला कठड्यांच्या मध्ये उभं केलं. तिने खाली पाहिलं. स्वतःचे दोन पाय पाहिले. तिचा चेहरा असा झाला, जसा आरशात पहिल्यांदा स्वतःला ओळखणाऱ्याचा होत असेल.  ताई म्हणाल्या, "चल, ये." मिरीने कठडा घट्ट धरला आणि मांडी पुढे टाकली.

टक्.

 भिंगरीला आपलं पहिलं चालणं आठवत नाही, कसं आठवेल? पण तो आवाज तिला ओळखीचा होता, अगदी आत कुठेतरी. आईने भिंगरीचं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे आवळलंच.

टक्. पाऊल. टक्. पाऊल. गुडघा वाकत होता, सरळ होत होता. अर्धा चंद्र आणि आईचे टाके मिरीच्या मांडीखाली मागे-पुढे झुलत होते. आपलाच पाय आपल्यापासून चालत लांब निघालाय, आणि आपण इथे उभ्या राहून तो पाहतोय, असं जगात किती जणांच्या वाट्याला येत असेल? भिंगरीला वाटलं, या भिंतींवरच्या सगळ्यांच्या. मासावाला, त्रिकोणवाला, बिननाकाचा, सगळे कुठे ना कुठे असेच चाललेत, एकमेकांच्या गुडघ्यांवर. त्यांच्यातला लाभार्थी कोणता, हे ऑफिसातल्या बाईंनी आता शोधून दाखवावं!

कठड्याच्या टोकाला मिरी खाली बसली. बसली! पाय वाकवून, जमिनीवर पडलेला कालचा बिस्किटाचा तुकडा उचलायला. आजोबांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"आता वळ आणि परत ये," ताई म्हणाल्या.

मिरी उठली. वळली नाही. कठडा संपला होता, समोर दार होतं, दाराबाहेर ऊन होतं. तिने हात सोडले आणि ती निघाली, टक् टक् टक् टक्, उंबऱ्याशी जरा डुलली, सावरली आणि थेट बाहेर. आजोबा बाकावरून उठले, चप्पल पायात घालू की तशीच टाकू या गोंधळात एकाच चपलेनिशी धावले. ताई त्यांच्या मागे.

भिंगरीही धावणार होती, पण आईने मनगट अजून सोडलं नव्हतं. तिने वळून पाहिलं. आईचे गाल ओले होते. आणि आई, जिने काल विषय संपवला होता, जी सबंध बसमध्ये एक अक्षर बोलली नव्हती, ती दाराकडे बोट दाखवून, अख्ख्या कार्यशाळेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडली,

"अहो मास्तर, बघा, बघा! बस सुटली!"